घरचें विमान आणि घरच्यांचा आग्रह

'घरची मोटार' हा शब्द आपल्या कुटुंबांत आतां जुना झाला. पण 'घरचें विमान' म्हटलें कीं अजूनहि डोळ्यांपुढें राजेरजवाडे उभे राहतात. म्हणूनच अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत राहणाऱ्या आमच्या पुतण्यानें "तिघां मित्रांसह एक लहान विमान विकत घेतलें" असें कळविलें, तेव्हां घरांत एकच गडबड उडाली. आमच्या मातुःश्रींनीं जपाची माळ बाजूस ठेवून विचारलें, "पोरास जमिनीवर काय कमी होतें?" पुढें शरद ऋतूंत त्याच्याकडे जाण्याचा योग आला, तेव्हां हाच प्रश्न मनांत घेऊन आम्ही गेलों. तेथें जें पाहिलें आणि जी चूक आमच्या हातून झाली, तें वाचकांपुढें मांडीत आहों.

विमान सेस्ना १७२ जातीचें, १९७५ सालीं बांधलेलें. एकच एंजिन, तेंहि दीडशें अश्वशक्तीचें. दोन माणसें पुढें, दोन मागें. पन्नास वर्षांचें यंत्र हें ऐकून आम्ही दचकलों. पुतण्या हंसून म्हणाला, "काका, येथें वय विचारीत नाहींत, निगा विचारतात." ही जात १९५६ सालीं बाजारांत आली आणि आजवर अशीं चाळीस हजारांहून अधिक विमानें बांधलीं गेलीं आहेत. तेथील कायद्याप्रमाणें दर बारा महिन्यांनीं अधिकारप्राप्त यांत्रिकाकडून विमान उघडून तपासून घ्यावें लागतें. त्याची वहींत सही झाल्यावांचून उड्डाण करतां येत नाहीं. प्रत्येक दुरुस्तीची नोंद त्या वह्यांत असते. आपल्याकडे जन्मपत्रिका पुढचें सांगते. ही वही मागचें सांगते, आणि घेणारा शहाणा असेल तर तो रंगापूर्वीं वही पाहतो.

एंजिनांतील तेल पन्नास तासांच्या उड्डाणानंतर बदलतात. त्या वेळीं जुनी गाळणी फेकून न देतां कापून पाहतात. तींत धातूचे कण चमकले तर आंत कांहीं तरी झिजत आहे असें समजावें. विशेष हें कीं, फार उडविल्यानें जितकें नुकसान होतें, त्याहून अधिक कधीं कधीं विमान नुसतें उभें ठेवल्यानें होतें. आंत दमटपणा सांचून पोलादास गंज चढतो. म्हणून चौघांची भागीदारी ही केवळ काटकसर नव्हे. कोणी ना कोणी तें उडवीत राहतो. जागेचें भाडें, विमा व वार्षिक तपासणी हा खर्च विमान जागचें न हललें तरी चुकत नाहीं. शिवाय सुमारें दोन हजार तासांनीं एंजिन संपूर्ण खोलून नवें करावें, अशी कारखान्याची शिफारस असते. त्यासाठीं हे चौघे उड्डाणाच्या प्रत्येक तासामागें ठराविक रक्कम बाजूस टाकतात.

हा छंद आपल्या लोकांस अगदींच परका नाहीं. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ सालीं निघाला. १९२९ सालीं श्री. जे. आर. डी. टाटा यांस हिंदुस्थानांतील वैमानिकाचा पहिला परवाना मिळाला, आणि १९३२ च्या ऑक्टोबरांत ते कराचीहून जुहूस टपाल घेऊन आले तें 'पस मॉथ' नांवाच्या अशाच एका एंजिनाच्या लहान विमानांतून.

उड्डाणापूर्वींचा विधि पाहण्यासारखा होता. पुतण्यानें पंखांखालील तोटीतून थोडें पेट्रोल कांचेच्या नळींत काढून उजेडासमोर धरलें. तें निळसर असतें. पाणी शिरलें असेल तर तें जड असल्यामुळें तळाशीं वेगळें दिसतें. टाकींत पेट्रोल किती आहे हें कांट्यावरून न ठरवितां त्यानें काठी बुडवून पाहिलें. आणि प्रत्येक कृति हातांतील छापील यादी वाचून केली. "इतक्या वर्षांत हें पाठ झालें नाहीं काय?" असें आम्ही विचारलें. त्यानें जवळच घडलेली हकीकत सांगितली. १९३५ सालीं डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंग कंपनीचें एक मोठें नवें विमान उडतांच कोसळलें आणि दोघे निष्णात वैमानिक दगावले. यंत्रांत दोष नव्हता. वाऱ्यानें शेपटीचे पडदे हलूं नयेत म्हणून लावलेली खीळ काढावयाची राहिली होती! तेव्हांपासून लेखी यादीचा प्रघात पडला. ज्यास सर्व पाठ असतें, तोच एखादी पायरी गाळतो.

वजनाचाहि हिशेब असतो. या विमानाचें एकूण वजन २३०० पौंडांच्या वर जातां कामा नये. रिकामें विमान सुमारें १४५० पौंडांचें; राहिले ८५०. टाक्या भरल्या तर वापरण्याजोग्या पेट्रोलाचे २२८ गेले, उरले ६२२. चार माणसें प्रत्येकीं १६० पौंडांचीं धरलीं तरी ६४० होतात. म्हणजे बसका चार असल्या तरी भरल्या टाक्यांनिशीं चार मोठीं माणसें नेतां येत नाहींत! आमच्या सौ.नें क्लीव्हलंडच्या मुंजीसाठीं बांधलेले लाडवांचे डबे पुतण्यानें काट्यावर ठेवले, तेव्हां ती थोडी रुसलीच. पेट्रोल कमी घेतलें, पण पोहोंचल्यावर तासाभराचें उरेल इतकें घेतलें. कायद्यास दिवसा अर्ध्या तासाचें पुरतें.

आतां आमच्या चुकीकडे वळूं. मुंज नात्यांतील मुलाची होती. मोटारीनें साडेतीन तास, विमानानें पावणेदोन. मुहूर्ताच्या दिवशीं सकाळीं आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन होतें. परंतु सरोवराकडे ढग फार खालीं उतरल्याची वर्दी आली. पुतण्याचा परवाना डोळ्यांनीं पाहून उडण्यापुरता. केवळ यंत्रांवर विसंबून ढगांतून जाण्याचें शिक्षण त्यानें घेतलेलें नव्हतें. तो म्हणाला, "आज नाहीं." आम्ही म्हणालों, "अरे, मुहूर्त चुकेल. ढगांखालून थोडें सांभाळून नेलेंस तर?" तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "नाहीं, काका. मोटार काढतों."

आम्ही उशिरा पोहोंचलों. मंगलाष्टकें होऊन गेलीं होतीं. "विमानवाले आले!" अशी थट्टाहि झाली, आणि पुतण्याचा चेहरा उतरला.

येतांना वाटेंत त्यानें सांगितलें कीं, १९५४ सालीं इलिनॉय विद्यापीठानें यंत्रांवर उडण्याचें शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांची परीक्षा घेतली. बाहेरचें कांहीं दिसेनासें केल्यावर त्या विसांचाहि विमानावरील ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटांच्या आंत. कारण क्षितिज दिसेनासें झालें कीं कानांतील तोलाचें इंद्रिय फसवितें. विमान कलत असतां तें सरळ चाललें आहे असें वाटतें.

"ढगांस नाहीं म्हणणें सोपें आहे," तो पुढें म्हणाला, "तुम्हांस म्हणणें जड गेलें. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलें असतें, तर मी काय केलें असतें कोण जाणे."

हें ऐकून आम्ही ओशाळलों. आपल्या घरांत वडिलांचा शब्द मोडावयाचा नाहीं असें वळण मुलांस लहानपणापासून लागतें, आणि तें चांगलेंच आहे. परंतु याच वळणानें एखादे दिवशीं मुलगा वडिलांच्या भिडेस्तव ढगांत शिरेल, हें आमच्या ध्यानीं आलें नव्हतें. यंत्राची निगा यांत्रिक ठेवील, पेट्रोल वैमानिक पाहील; पण "आज नाहीं" हा शब्द मोकळेपणानें उच्चारतां येईल असें घर त्यास आपणच दिलें पाहिजे.

तीन दिवसांनीं आकाश निवळल्यावर त्यानें आम्हांस वर नेलें. खालीं पिकलेलीं शेतें पाहतांना भीति वाटली नाहीं, कारण नको तेव्हां न उडणारा मनुष्य शेजारीं बसला होता. घरीं परतल्यावर मातुःश्रींस सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं पुतण्यास निरोप धाडला, "मुंजीस उशीर झाला त्याचें वाईट वाटून घेऊं नकोस." आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें देशांत वा परदेशांत या छंदाकडे वळलीं असतील, त्यांनीं आपल्या घरीं एवढा एकच नियम करावा: वैमानिकानें एकदां नाहीं म्हटलें, कीं दुसऱ्यांदा कोणीं विचारावयाचें नाहीं, वडील माणसांनीं तर मुळींच नाहीं.