शास्त्रज्ञाच्या कीर्तीचें माप

विद्वत्ता कोणत्या तराजूंत तोलावी हा प्रश्न जुनाच आहे. पण अलीकडे तो सुशिक्षित घरांच्या ओटीवर येऊन बसला आहे. संशोधन करणाऱ्या मुलामुलींविषयीं चौकशी निघाली कीं, 'निबंध किती प्रसिद्ध झाले?' आणि 'इतरांनीं त्यांचे उल्लेख किती केले?' असे दोन प्रश्न हटकून येतात. हे आंकडे काय सांगतात व काय सांगत नाहींत, हें एका थोर रसायनशास्त्रज्ञाच्या उदाहरणावरून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेरहार्ड एर्ट्ल यांचा जन्म १९३६ सालीं जर्मनींत स्टुटगार्ट येथें झाला. बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेंत १९८६ पासून २००४ पर्यंत ते संचालकपदीं होते. १० ऑक्टोबर २००७ रोजीं, म्हणजे त्यांच्या एकाहत्तराव्या वाढदिवशींच, त्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक जाहीर झालें. आणि त्यांत दुसरा कोणी वाटेकरी नव्हता.

त्यांचा विषय उत्प्रेरण. दोन कुळांची सोयरीक जुळवून देऊन आपण मात्र होता तसाच राहणारा मध्यस्थ आपण पाहतों. रसायनांत हेंच काम उत्प्रेरक करितो. हवेंतील नत्रवायु व हायड्रोजन यांचा लोखंडाच्या साहाय्यानें संयोग करून अमोनिया बनविण्याचा कारखाना जर्मनींत ओपाउ येथें १९१३ सालीं सुरू झाला. आजचीं नत्रयुक्त खतें या कृतीचींच फळें होत. परंतु लोखंडाच्या पृष्ठावर प्रत्यक्ष घडतें काय, हें कळण्यास साठांहून अधिक वर्षें लोटलीं. एर्ट्ल यांनीं निर्वात पात्रांत लोखंडाचे स्वच्छ स्फटिक ठेवून दाखविलें कीं, नत्राच्या रेणूंतील जोडअणु आधीं पृष्ठावर विलग होतात. हीच पायरी सर्वांत मंद, आणि तिच्यावरच साऱ्या क्रियेचा वेग अवलंबून आहे. मग त्या सुट्या अणूंस हायड्रोजनचे अणु एकामागून एक येऊन मिळतात.

१९९९ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लेसर किरणांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. रुथेनियम धातूवर ऑक्सिजन व कार्बन मोनॉक्साइड बसवून धातु तापविला, तर कार्बन मोनॉक्साइड नुसता उडून जातो. दोहोंचा संयोग होत नाहीं. पण फेम्टोसेकंदांत मोजावा असा लेसरचा क्षणिक झोत टाकला, तर कार्बन डायॉक्साइड तयार होतो. सेकंदाचे शंभर कोटी भाग करून त्यांतील एकाचे पुनः दहा लक्ष भाग करावे, म्हणजे एक फेम्टोसेकंद होतो. एवढ्या अल्प काळांत प्रकाशाची ऊर्जा प्रथम धातूच्या इलेक्ट्रॉनांस मिळते, आणि धातूचे अणु तापण्यापूर्वींच ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला जागृत करितात.

आतां आंकड्यांकडे वळूं. कोणत्या निबंधाचा उल्लेख कोणीं केला याची शास्त्रीय सूची अमेरिकेंत यूजीन गारफील्ड यांनीं १९६४ सालीं काढली. पुढें २००५ सालीं जॉर्ज हिर्श या पदार्थविज्ञानज्ञानें 'एच्-निर्देशांक' सुचविला. ज्याच्या वीस निबंधांचे प्रत्येकीं निदान वीस उल्लेख झाले, पण एकविसांचे प्रत्येकीं एकवीस झाले नाहींत, त्याचा निर्देशांक वीस. युक्ति सोपी आहे. पण ज्यानें तीनच निबंध लिहिले व प्रत्येकाचे हजार उल्लेख झाले, त्याचा निर्देशांक तीनच राहतो.

शिवाय उल्लेख म्हणजे गौरवच नव्हे. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडतात तो खोडण्यासाठीं. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यांत सांख्यमताचा उल्लेख वारंवार करितात, म्हणून तें मत त्यांस मान्य होतें असें कोण म्हणेल? तसेंच, २०१४ सालच्या गणनेंत सर्वांत अधिक उल्लेख झालेला निबंध होता लाउरी व त्यांच्या सहकाऱ्यांचा, १९५१ सालचा. विषय, प्रथिनें मोजण्याची एक रीत. रीत उपयुक्त, पण तेवढ्यावरून तिला विसाव्या शतकांतील सर्वश्रेष्ठ शोध म्हणतां येत नाहीं. उलट, थिओडोर मेमन यांनीं १९६० सालीं पहिला लेसर चालविला, तेव्हां त्यांचा निबंध एका मान्यवर नियतकालिकानें परत केला. मग 'नेचर'मध्यें एक त्रोटक टिपण छापून आलें.

या मापाच्या मोहाचे परिणाम आपल्याकडेही दिसले. संख्येसाठीं निबंध पाडणारे, आणि पैसे घेऊन ते छापणारे, दोघेही वाढले. पीएच्.डी.चा प्रबंध देण्यापूर्वीं निबंध छापलाच पाहिजे, ही अट विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ च्या नियमांतून काढून टाकली.

आंकडे टाकून द्यावे असें आमचें म्हणणें नाहीं. पुष्कळांनीं एखाद्याचा आधार घेतला असेल तर ती खूण आहे. निवाडा मात्र नव्हे. एर्ट्ल यांचे निबंध शेंकडों आहेत, पण त्यांची थोरवी सांगतांना ती संख्या पुरत नाहीं. लोखंडाच्या पृष्ठावरील ती मंद पायरीच सांगावी लागते. म्हणून घरांतील तरुण संशोधक सुटींत आला, तर 'किती छापलें?' याऐवजीं 'काय शोधतोस, आणि तें आजवर कळलें कां नव्हतें?' असें वडिलांनीं विचारावें. उत्तर ऐकावयास वेळ लागेल, तो द्यावा.