यूके शिफ्टचे रीतिरिवाज

सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईतलं वाशी हे पहिलं मोठं उपनगर. 1992 साली खाडी ओलांडून लोकल इथे आली. पुढे स्थानकाच्या डोक्यावरच इंटरनॅशनल इन्फोटेक पार्क उभं राहिलं आणि रासायनिक कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातही आयटी कंपन्यांच्या इमारती आल्या. या भागातल्या घरांत ‘यूके शिफ्ट’ हा शब्द आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. लंडनमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा वाशीत उन्हाळ्यात दुपारचा दीड आणि हिवाळ्यात अडीच झालेला असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी 1916 साली केलेल्या कायद्याचा हा वारसा. त्यापायी दरवर्षी दोनदा वाशीतल्या घरांची जेवणाची वेळ बदलते.

मराठी माणसाची ब्रिटिश रीतिभातींशी ओळख अर्थात बरीच जुनी, आणि ती सत्तेच्या सावलीत झाली. 1888 साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. दागदागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांमध्ये जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरी प्रजा अशी दिसते, हे त्यांनी राजपुत्राला सुनावलं. पोशाखाचा संकेत मोडूनच त्यांना आपलं म्हणणं मांडायचं होतं. 1890 मध्ये पुण्याच्याच पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. यजमानांच्या दृष्टीने तो साधा पाहुणचार होता. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि वाद थेट शंकराचार्यांपर्यंत गेला. न्यायमूर्ती रानड्यांना 1892 साली प्रायश्चित्त घ्यावं लागलं. लोकमान्य टिळकही या प्रकरणात गोवले गेले होते.

त्या काळात साहेबाची रीत पाळणं वा नाकारणं हा प्रतिष्ठेचा, धर्माचा आणि राजकारणाचा प्रश्न होता. आज तो कामाचा भाग आहे. ब्रिटिश एअरवेजने 1996 मध्ये मुंबईत आपलं मागच्या फळीचं काम सुरू केलं. त्यातूनच डब्ल्यूएनएस ही कंपनी वाढली. सुरुवातीच्या कॉल सेंटरांत मुलामुलींना इंग्रजी नावं आणि उसने उच्चार दिले जात. ग्राहकाला परकं वाटू नये, हा त्यामागचा हेतू. पण त्यात स्वतःचं नाव आठ तास बाजूला ठेवावं लागे. शिष्टाचार आणि सोंग यांतली सीमारेषा तिथे पुसली गेली होती.

खरा शिष्टाचार उच्चारांत नसून वागण्याच्या बारकाव्यांत आहे. ब्रिटिश कार्यालयात वरिष्ठालाही पहिल्या नावाने हाक मारतात; ‘सर’ म्हटलं की समोरचा अवघडतो. स्वतःसाठी चहा करायला उठलेला माणूस आजूबाजूच्यांना विचारल्याशिवाय जात नाही. पबमध्ये प्रत्येकाने पाळीपाळीने सगळ्यांसाठी पेयं आणायची असतात. दारू न पिणाऱ्याने सरबत मागवलं तर कोणी भुवई उंचावत नाही, पण आपली पाळी चुकवलेली मात्र लक्षात राहते. वय, पगार, लग्न, मुलं ही आपल्याकडे आपुलकीने होणारी चौकशी तिकडे आगाऊपणाची ठरते. म्हणूनच बैठकीची सुरुवात हवामानाने किंवा रविवारच्या फुटबॉलने होते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो नकार आणि मुदत यांबाबत. “यावर आणखी थोडा विचार करता येईल का?” असा मेल लंडनहून आला, तर बहुतेक वेळा काम पसंत पडलेलं नसतं आणि ते बदलून हवं असतं. वाशीतला नवखा मुलगा तो प्रश्न शब्दशः घेतो, विचार करतो आणि तेच काम पुन्हा पाठवतो. उलट “आज संध्याकाळपर्यंत करून टाकतो” हे आपलं वाक्य पुष्कळदा धीर देण्यासाठी असतं. लंडनमध्ये मात्र ती तारीख वहीत लिहिली जाते. इंग्रज मत आडवळणाने सांगतो आणि वेळ स्पष्ट देतो. आपण मत रोखठोक सांगतो आणि वेळ मोघम ठेवतो. दोन्ही सवयींच्या मुळाशी समोरच्याचं मन राखण्याचीच इच्छा असते.

सुट्ट्यांचंही शास्त्र आहे. 1871 मध्ये जॉन लबक यांच्या पुढाकाराने बँक हॉलिडेचा कायदा झाला. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा आठ सुट्ट्या, स्कॉटलंडमध्ये नऊ. 2 जानेवारीला लंडनचं कार्यालय उघडं असलं तरी एडिंबरामधून उत्तर येणार नाही, हे टीम लीडरला आधीच ठाऊक हवं.

24 जुलै 2025 रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या. तात्पुरते तिकडे पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत दुहेरी सामाजिक सुरक्षा वर्गणीतून सूट देण्याचं त्यासोबत ठरलं. ही देवाणघेवाण वाढणार असेल, तर शिकण्याचं ओझं एकाच बाजूवर राहू नये. वाशीतल्या टीम लीडरनी नव्या वर्षाचं वेळापत्रक लंडनला पाठवताना बँक हॉलिडेच्या रकान्याशेजारी लक्ष्मीपूजन, पाडवा आणि अनंत चतुर्दशीच्या तारखाही लिहाव्यात आणि त्या दिवशी बैठक ठेवू नका, असं सौजन्याने पण स्पष्टपणे कळवावं.