वजनाचा काटा थांबला म्हणजे

जयपूरच्या दक्षिणेस, सांगानेरजवळ, प्रताप नगर ही विस्तीर्ण वसाहत आहे. 2005 साली स्थापन झालेल्या राजस्थान आरोग्यविज्ञान विद्यापीठाचे आवार येथेच उभे राहिले. अशा वसाहतीत राहणाऱ्या 42 वर्षांच्या एका गृहिणीचे उदाहरण आपण कल्पनेने घेऊ. तिचे वजन 112 किलो होते. मधुमेह जडला होता, आणि गुडघेदुखीमुळे दुसऱ्या मजल्यावरील घराचा जिना चढणे तिला जड जाई. तिने जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. दीड वर्षात वजन 84 किलोवर आले आणि तेथेच थांबले. पाच महिने काटा हलेना. पहिली शस्त्रक्रिया फुकट गेली काय, आणि आता दुसरी करून घ्यावी काय, असा प्रश्न तिला व घरच्या माणसांना पडला.

प्रथम काटा का थांबतो ते पाहू. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढतात व एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. त्यामुळे थोड्या अन्नाने पोट भरते. शिवाय भूक चाळवणारे ग्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही मंदावते. परंतु शरीर आपला साठा सहजासहजी सोडून देत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 1944-45 साली 36 निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, अल्पाहाराचा प्रयोग केला. 24 आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर खर्च करीत असलेली ऊर्जाही सुमारे 40 टक्क्यांनी उतरली. लहान झालेले शरीर थोडक्यात भागवू लागते. मिळकत व खर्च यांचा मेळ बसला की वजन स्थिर होते. हा बहुधा शरीराचा स्वाभाविक धर्म असतो. त्यावरून शस्त्रक्रिया फसली असे ठरत नाही.

स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात 4,047 स्थूल व्यक्तींचा समावेश होता. त्यांपैकी ज्यांच्या जठराची बायपास शस्त्रक्रिया झाली, त्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी घटले. दहा वर्षांनंतर ही घट 25 टक्के उरली. काही वजन परत आले खरे, तरीही शस्त्रक्रिया झालेल्या एकूण गटातील मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले.

याच्या उलट बाजूचा धडाही इतिहासात आहे. 1954 साली क्रेमेन व लिनर यांनी लहान आतड्याचा बराच भाग वगळण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. तिने वजन झपाट्याने उतरे. पण पुढे यकृताचे विकार, मूतखडे व कुपोषण यांनी रोगी ग्रासले. पुष्कळांची आतडी पुन्हा शस्त्रक्रिया करून पूर्ववत जोडावी लागली, आणि अखेर ती पद्धत सोडून देण्यात आली. केवळ काटा खाली आला म्हणजे प्रकृती सुधारली, असे नव्हे.

म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी कारण शोधले पाहिजे. दुर्बिणीने जठराची तपासणी करून, तसेच क्ष-किरणांना दिसणारे द्रव पाजून छायाचित्रे घेऊन, रचनेतील दोष कळतो: नळी फुगली आहे काय, ती कोठे अरुंद झाली आहे काय, आम्लरस वर चढतो काय. असा दोष आढळला, किंवा मधुमेहासारखा विकार पुन्हा बळावला, तर फेरशस्त्रक्रियेला आधार मिळतो. दोष नसेल तर आहाराची रोजनिशी उघडावी. नळीतून घट्ट अन्न हळूहळू उतरते. पण गोड चहा, सरबत व मिठाई विनाअडथळा उतरतात. थायरॉइड ग्रंथीची मंदता, स्टिरॉइडसारखी औषधे व अपुरी झोप यांचाही तपास व्हावा. टिर्झेपटाइड व सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची औषधे 2025 सालापासून भारतात वजन कमी करण्यासाठी उपलब्ध झाली आहेत. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तोही एक मार्ग आहे.

फेरशस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. जुन्या व्रणांमुळे अवयव एकमेकांस चिकटलेले असतात आणि टाक्यांतून गळती होण्याचा धोका वाढतो. तिने घटणारे वजन बहुधा पहिल्या वेळेपेक्षा कमी असते. आतड्याचा भाग वगळल्यास लोह, कॅल्शियम व ब-12 जीवनसत्त्व यांची उणीव होण्याचा संभवही वाढतो. शाकाहारी माणसाने तर याची विशेष दखल घेतली पाहिजे.

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. त्या गृहिणीने 28 किलो, म्हणजे मूळ वजनाचा बरोबर चौथा हिस्सा, गमावला आहे. तिच्या मधुमेहाच्या गोळ्या निम्म्यावर आल्या आहेत, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत ती आता न थांबता चढते. तपासणीत नळी सुस्थितीत दिसली. रोजनिशीत मात्र दिवसाचे चार कप गोड चहा व रात्रीची मिठाई सापडली. अशा स्थितीत सहा महिने आहार, चालणे व औषध यांचा प्रयत्न करणे, हाच शहाणपणाचा निर्णय होय. पुढे कधी रचनेत दोष आढळला किंवा आम्लरसाने अन्ननलिका भाजू लागली, तर निर्णयही बदलावा लागेल. शल्यवैद्याला विचारावयाचा पहिला प्रश्न ‘आणखी किती किलो उतरतील?’ हा नव्हे. ‘माझ्या शरीरात नेमके काय बिघडले आहे, आणि ते शस्त्राने सुधारणारे आहे काय?’ हा होय.