तळघराच्या फरशीखाली काय घालावे?

पौषातल्या पहाटे शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेवला की अंगावर शहारा येतो. शेजारी पसरलेल्या गोणपाटावर मात्र तसे होत नाही. मग गोणपाट फरशीपेक्षा गरम असते काय? दोन्हींवर तापमापक टेकवून पहा. तापमान जवळजवळ सारखेच निघेल! फरक तापमानाचा नसून उष्णतावाहकतेचा आहे. दगड तळपायाची उष्णता झपाट्याने ओढून घेतो. तागाच्या धाग्यांत अडकलेली हवा ती सहजी जाऊ देत नाही. कडबा, घोंगडी, थर्मोकोल या सर्वांचे बळ अशा कोंडलेल्या हवेतच असते.

थंड देशांत जमीन ८-१० अंश सेल्सियसवर असते. म्हणून तेथे तळघराच्या फरशीखाली थर्मोकोलसारखे उष्णतारोधक तक्ते घालतात. मग धाराशिव जिल्ह्यातही तेच करावे काय?

थोडा विचार करू. जमिनीत काही मीटर खोल गेले, की तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. ते तेथील हवेच्या वार्षिक सरासरीजवळ राहते. आपल्याकडे ही सरासरी २५ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे मे महिन्यात बाहेर ४० अंश असताना खालची जमीन तळघराची उष्णता शोषून घेते, आणि जानेवारीच्या रात्री तीच जमीन ऊब देते. अशा ठिकाणी जाड उष्णतारोधक घालणे म्हणजे पैसे खर्चून हा फुकटचा लाभ अडविणे होय. पायांना गार लागते, एवढ्यासाठी वरून एक सतरंजी पुरे!

आपल्या तळघराचा खरा शत्रू आहे ओल. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसे मातीतील बारीक छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने वर चढते. काळी माती तर पाणी धरून फुगते आणि वाळली की भेगाळते. ओल चढली, की खालच्या थरातील ज्वारीच्या पोत्यांना बुरशी येते. तेथे नुसता कडबा पसरूनही भागत नाही. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २४ पट असते. म्हणून भिजलेल्या कडब्याचा रोधकपणाही जातो.

तेव्हा क्रम असा ठेवावा: काळी माती काढून मुरूम भरून धुमसावा, त्यावर दगडांचे सोलिंग व वाळूचा थर, मग सांधे एकमेकांवर चढविलेला जाड पॉलिथिनचा कागद, त्यावर काँक्रीट आणि शेवटी फरशी. पोती फळ्यांवर, भिंतीपासून थोडी दूर रचावीत.

पदार्थ निवडताना एकच गुण पाहून चालत नाही, हे मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. धाब्याच्या घरावरील मातीचा जाड थर ऊन उत्तम अडवीत असे. पण अर्धा मीटर जाडीच्या मातीचे वजन दर चौरस मीटरला ८००-९०० किलोग्रॅम भरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच अशा छपरांखाली व दगडी भिंतींखाली गाडली गेली. छपरावरचा रोधक हलका हवा. फरशीखालच्याला वजनाचे बंधन नाही. मात्र तो भाराखाली दबणारा नसावा, नाहीतर वरची फरशी फुटेल.

आता एक प्रयोग. पावसाळ्यात अर्धा मीटर चौरस पारदर्शक प्लॅस्टिक फरशीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एका दिवसाने पहा. थेंब प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूस असतील, तर ओल जमिनीतून येते आहे: ओलरोधक थर हवा. थेंब वरच्या बाजूस असतील, तर दमट हवेतील बाष्प गार फरशीवर निवते आहे: तेथे वायुवीजन, आणि गरज पडल्यास उष्णतारोधक, उपयोगी पडेल. शाळेच्या निरनिराळ्या खोल्यांत हे करून नोंदी ठेवा. दुकानात जाण्यापूर्वी जमिनीलाच विचारलेले बरे!