वेळापत्रकाच्या जोडीला ‘कानबान’चा फलक

बांधकामाला मुदतवाढ मिळणे ही आपल्याकडे नित्याची बाब आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांना मात्र ती सवलत नाही. जाहीर वेळापत्रकानुसार ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी, तर पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढू लागते, हे नाशिककर जाणतात. म्हणजेच घाट आणि नदीपात्रालगतच्या कामांची खरी मुदत ऑगस्ट नव्हे, तर मे २०२७ची अखेर होय.

असा हिशेब पारंपरिक वेळापत्रक चोख मांडते. हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जाणारा पट्ट्यांचा तक्ता विसाव्या शतकाच्या आरंभीचा. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत आली. ज्या कामांच्या साखळीतील एका दिवसाचा विलंब संपूर्ण प्रकल्पाला एक दिवस मागे नेतो, ती साखळी या पद्धतीने हेरता येते.

अडचण निराळीच आहे. तक्ता कार्यालयाच्या भिंतीवर असतो आणि काम साइटवर. सोमवारी लोखंड बांधायला सुरुवात, असे तक्ता सांगतो. पण नकाशा मंजूर झालेला नसतो, जुनी जलवाहिनी हलवलेली नसते किंवा मजूर सणासाठी गावी गेलेले असतात. आठवड्याला ठरवलेल्या कामांपैकी सुमारे निम्मीच वेळेवर पुरी होतात, असे ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या अभ्यासकांना १९९० च्या दशकात अमेरिकेतील साइटवर आढळले.

येथे जपानी ‘कानबान’ उपयोगी पडते. या शब्दाचा अर्थ पाटी किंवा फलक. टोयोटा कंपनीत ताईची ओनो यांनी ही पद्धत रुजवली. बांधकामावर तिचे रूप सोपे असते. एका फळ्यावर ‘अडलेले’, ‘तयार’, ‘सुरू’ आणि ‘पूर्ण’ असे चार रकाने आखायचे, प्रत्येक कामाची चिठ्ठी करायची आणि काम सरकेल तशी चिठ्ठी सरकवायची. नकाशा, साहित्य, माणसे आणि जागा हाती असल्याशिवाय चिठ्ठी ‘तयार’मध्ये जात नाही. ‘सुरू’ रकान्यातील चिठ्ठ्यांना मर्यादा असते. दहा ठिकाणी खणून ठेवण्यापेक्षा तीन ठिकाणचे काम पुरे करावे, हा त्यामागचा विचार. खोदलेल्या रस्त्यांतून वाट काढणाऱ्या नागरिकाला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

दोहोंची सांगड अशी घालता येते. मूळ तक्त्यातून पुढील सहा आठवड्यांची कामे काढावीत. त्यांच्या चिठ्ठ्यांवर तक्त्यातील क्रमांक लिहावा. निर्णायक साखळीतील चिठ्ठ्या लाल असाव्यात. आठवड्यातून एकदा अभियंता, कंत्राटदार आणि मुकादम यांनी फळ्यापुढे उभे राहून काय झाले, काय राहिले आणि का राहिले, ते नोंदवावे. लाल चिठ्ठी अडली, तर त्याच दिवशी तक्ता दुरुस्त व्हावा.

मर्यादाही ध्यानात घ्यावी. फळा काँक्रीट लवकर पक्के करत नाही. भारतीय मानक ४५६ नुसार साडेचार मीटरहून मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटच्या बाबतीत एरवी किमान १४ दिवस काढता येत नाहीत. हे दिवस तक्त्यानेच राखायचे असतात. आधीचे आठवडे वाया गेले, की शेवटी कात्री नेमकी या दिवसांना लागते, आणि धोका घाटावर उतरणाऱ्या भाविकाच्या वाट्याला येतो.

शिवाय ‘अडले आहे’ असे सांगणाऱ्या मुकादमावर साहेब ओरडले, तर पुढच्या आठवड्यापासून सर्व चिठ्ठ्या ‘पूर्ण’मध्येच दिसतील. फळ्याचा उपयोग खरे सांगण्याची मुभा असेल तेथेच होतो.