एकच कायदा, दोन वाटा

पर्युषण पर्वात कल्पसूत्राचे वाचन सुरू झाले की श्वेतांबर मूर्तिपूजक घरांतील लहानथोर त्रिशलामातेची कथा ऐकतात. गर्भस्थ वर्धमानांनी आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये म्हणून स्वतःला निश्चल केले. मातेला वाटले, गर्भ गेला; सारा राजवाडा शोकात बुडाला. तिचे दुःख जाणून प्रभूंनी किंचित हालचाल केली आणि मातापिता हयात असेपर्यंत दीक्षा घेणार नाही, असा अभिग्रह धारण केला. गर्भातील जीव आणि त्याला धारण करणारी माता, दोघांविषयीची करुणा या एकाच प्रसंगात आहे. गर्भपाताच्या कायद्यावर आज देशोदेशी जो वाद चालू आहे, त्यात मात्र यांपैकी एकीचीच बाजू घेतली जाते आणि दुसरी विसरली जाते.

जैन धर्म गर्भाला आरंभापासून जीव मानतो. म्हणून गर्भपात ही हिंसा, हे आपल्या साधुसाध्वींचे म्हणणे स्पष्ट आहे. परंतु धर्माचा उपदेश व्यक्तीच्या विवेकाला उद्देशून असतो, तर कायदा साऱ्या समाजाला लागू होतो. इंग्रजी अमदानीतील 1860 च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला आणि त्यात खुद्द स्त्रीलाही शिक्षेस पात्र केले. त्यामुळे गर्भपात थांबले नाहीत. ते चोरून, अडाणी हातांनी होऊ लागले आणि त्यात स्त्रिया दगावत राहिल्या. म्हणून केंद्र सरकारने 1964 मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला.

या कायद्याची 2021 मध्ये दुरुस्ती झाली. आता 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. 20 ते 24 आठवड्यांसाठी दोन डॉक्टरांची संमती लागते आणि ही सवलत बलात्कारपीडिता, अल्पवयीन मुली, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या स्त्रिया, दिव्यांग स्त्रिया अशा ठरावीक गटांनाच आहे. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग आढळले, तर वैद्यकीय मंडळ निर्णय देते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. पतीची सही कायदा मागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये सुमारे पन्नास वर्षांपूर्वी दिलेला हक्क काढून घेतला. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही विवाहितेइतकाच अधिकार असल्याचे सांगितले. कागदावर भारताचा कायदा पुष्कळ उदार दिसतो. प्रश्न आहे तो कागदापासून गावापर्यंतच्या अंतराचा.

जळगाव किंवा धुळे शहरात राहणाऱ्या सुखवस्तू कुटुंबातील सून तपासणीला वेळेवर जाते. ओळखीच्या डॉक्टर असतात, सोनोग्राफी हाकेच्या अंतरावर असते, गरज पडली तर नाशिक-मुंबईला जाता येते आणि घरातील गोष्ट घरातच राहते. चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरील पावरा, भिल्ल, तडवी स्त्रीची वाट निराळी आहे. गर्भपात करण्याचा अधिकार फक्त प्रशिक्षित डॉक्टरला आणि तोही मान्यताप्राप्त केंद्रातच आहे. अशी खासगी केंद्रे बहुतांशी शहरांत एकवटली आहेत. जळगावच्या शासकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा धुळ्याचे भाऊसाहेब हिरे रुग्णालय गाठायचे, तर रोजंदारी बुडते, सोबतीला माणूस लागतो, एसटीचे भाडे लागते. वेळ जातो आणि या कायद्यात वेळ हेच सर्वस्व आहे.

व्यंग दाखवणारी सोनोग्राफी साधारणतः 18 ते 20 आठवड्यांत होते. ती उशिरा झाली, मग खात्रीसाठी दुसरी तपासणी सांगितली गेली, की 24 आठवडे उलटतात. त्यानंतर वैद्यकीय मंडळ, आणि त्याने नकार दिला तर खान्देशातील स्त्रीला उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे जावे लागते. 2008 मध्ये मुंबईतील एका दाम्पत्याची अशीच याचिका फेटाळली गेली आणि त्यातूनच मुदतवाढीची चर्चा देशभर सुरू झाली. जानेवारी 2023 मध्ये मात्र त्याच उच्च न्यायालयाने 32 आठवडे उलटलेल्या स्त्रीला परवानगी दिली आणि गंभीर व्यंग असेल तर निर्णय मंडळाचा नसून त्या स्त्रीचा आहे, असे म्हटले. वकील गाठू शकणारीलाच हा न्याय मिळतो. उरलेल्यांसाठी गावातील वैदू, चोरून आणलेल्या गोळ्या आणि अतिरक्तस्राव उरतो.

या चर्चेची दुसरी बाजू आपल्या घराशी येऊन थांबते. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातील पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्रानेच केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. तरीही जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या 2001 मध्ये 880 होती, ती 2011 मध्ये 842 पर्यंत घसरली. आणि जैन समाज? 2001 च्या जनगणनेत साक्षरतेत तो देशात सर्वांत पुढे होता. मुलींचे प्रमाण मात्र हजारी 870 होते. 2011 मध्ये ते 889 झाले. थोडी सुधारणा आहे, समाधान मानण्याजोगी नाही. रात्रीभोजन टाळणारा, कंदमुळे वर्ज्य करणारा, पांजरापोळ चालवणारा समाज या आकड्यांपुढे काय उत्तर देणार?

येथेच दोन कायद्यांची गल्लत होते. लिंगनिवडीविरुद्ध कारवाई वाढली, तसे अनेक डॉक्टर कायदेशीर गर्भपातही टाळू लागले. औषध प्रशासनाच्या तपासण्या सुरू झाल्यावर राज्यातील कित्येक औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच सोडले. नोंदवहीची आणि चौकशीची कटकट नको, हा व्यापारी हिशेब. वास्तविक या गोळ्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांसाठी असतात आणि तेव्हा सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कळतही नाही. परिणाम उलटाच झाला. पैसेवाल्याला लिंगनिवडीची चोरवाट सापडते. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आलेल्या गरीब स्त्रीला मात्र दुकानातून रिकाम्या हाती परतावे लागते.

खान्देशातील औषधांच्या ठोक आणि किरकोळ व्यापारात जैन कुटुंबे आहेत, दवाखाने चालवणारे विश्वस्त आहेत, डॉक्टर मुलेमुली आहेत. धर्माने ज्याला हे काम मनाला पटत नाही, त्याने ते करू नये. पण दारी आलेल्या स्त्रीला योग्य सरकारी रुग्णालयाचा पत्ता सांगण्यात कोणते व्रत मोडते? समाजाच्या निधीतून पाड्यांवरील गरोदर स्त्रियांची पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झाली, संततिनियमनाची साधने त्यांच्यापर्यंत पोहोचली, तर गर्भपाताची वेळच पुष्कळदा येणार नाही. अहिंसेची ही वाट कोणत्याही बंदीपेक्षा अधिक परिणामकारक आहे.

आणि घरात? दुसरी मुलगी झाल्यावर पेढे वाटताना हात आखडतो का, दुकानाच्या पाटीवर ‘अँड सन्स’ लिहिताना मुलीची आठवण होते का, सुनेला तिसऱ्या वेळी ‘तपासून घ्या’ असे कोण सुचवते, हे प्रश्न कोणतेही न्यायालय विचारणार नाही. येत्या संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना ते आपणच आपल्याला विचारायचे आहेत. क्षमा मागायच्या यादीत आपल्या घरी जन्माला येऊ न दिलेल्या मुलींचेही नाव असायला हवे, आणि आपल्या दुकानातून रिकाम्या हाती परतलेल्या त्या स्त्रीचेही.