पुलावरून की पुलाखालून?

कळंबोलीत पत्ता विचारला, की सांगणारा आधी उलट विचारतो, ‘पुलावरून जायचंय की खालून?’ गाडीच्या डॅशबोर्डवरचा स्क्रीन हे विचारत नाही. तो आपल्या मनाने एक रस्ता धरतो आणि ठासून सांगत राहतो.

या स्क्रीनची परीक्षाच घ्यायची असेल, तर कळंबोलीइतकी चांगली जागा शोधून सापडायची नाही. शीव-पनवेल महामार्ग, तळोज्यावरून येणारा मुंब्रा-पनवेल रस्ता, जेएनपीटीच्या कंटेनरांचा रस्ता आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचं तोंड, सगळं एका सर्कलच्या आसपास एकवटलेलं. भरीला पूल, पुलाखालचे रस्ते, सर्व्हिस रोड आणि लोखंड बाजारात वळणारे ट्रेलर. इथे गाडी चुकली की शेजारचा म्हणतो, ‘जीपीएस गंडलंय.’ पण उपग्रहाचा दोष यात बहुतेकदा नसतोच.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. सिग्नल निघाला कधी आणि पोहोचला कधी, या वेळेवरून रिसीव्हर त्यांचं अंतर काढतो. त्यात एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची जरी चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. हे सगळं सांभाळून मोकळ्या आकाशाखाली साधा फोनसुद्धा साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम खोट घालत असे, तेव्हा हाच फरक १०० मीटरपर्यंत जायचा. म्हणजे बाण हललाच, तर एखाद्या लेनने हलेल. पण कळंबोलीत पुलावरचा रस्ता आणि खालचा रस्ता यांच्यात आडवं अंतर तेवढंही नसतं.

मग उंचीवरून का ओळखत नाही? उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. त्यामुळे उंचीचा अंदाज आडव्या अंदाजापेक्षा नेहमीच कच्चा राहतो. शिवाय पुष्कळशा नकाशांत रस्त्याची उंची मीटरमध्ये नोंदलेलीच नसते. कोणता रस्ता वर आणि कोणता खाली, एवढाच क्रम असतो. निर्णय घेतो तो एक प्रोग्राम. मिळालेला ठिपका तो नकाशातल्या सर्वांत जवळच्या, सर्वांत पटणाऱ्या रस्त्यावर नेऊन चिकटवतो. खरी गंमत, किंवा खरा ताप, इथेच आहे.

एखादा रॅम्प मुख्य रस्त्यापासून चार अंशांच्या कोनात फुटतो असं धरा. शंभर मीटर गेल्यावर दोन्हींत अंतर पडतं जेमतेम ७ मीटर. एवढा फरक मोजमापाच्या चुकीतच जमा होतो, म्हणून प्रोग्राम आपला पहिला अंदाज सोडत नाही. ताशी ६० किलोमीटरने हे शंभर मीटर सहा सेकंदांत संपतात. ‘री-रूटिंग’ असं स्क्रीनवर उमटेपर्यंत तुम्ही पुण्याच्या वाटेला लागलेले असता आणि मागे कंटेनर हॉर्न देत असतो. फाट्यावर स्क्रीन बघण्यापेक्षा वरची हिरवी पाटी बघावी, ती याचसाठी.

आता गाडीसोबत आलेलं नेव्हिगेशन आणि फोन यांचं भांडण. मोजमापाच्या बाबतीत गाडी सरस, असं माझं मत. तिला चाकं किती फिरली ते कळतं, आणि वळण किती अंशांचं होतं हे जायरोस्कोप सांगतो. उपग्रह दिसत नसताना एवढ्यावरच बाण पुढे सरकवण्याची युक्ती जुनी आहे. १९८५ साली अमेरिकेत विकायला आलेलं ‘इटॅक’ हे यंत्र उपग्रहाशिवायच चालायचं आणि त्याचा नकाशा चक्क कॅसेटवर असायचा. एक्स्प्रेसवेच्या बोगद्यांत फोनचा बाण गोंधळला, तरी गाडीचा बाण चालत राहतो तो या युक्तीमुळे. तिलाही मर्यादा आहेच. टायर सहा मिलिमीटर झिजला तर चाकाचा घेर सुमारे दोन टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे किलोमीटरमागे वीस मीटरची चूक. ती यंत्रणा उघड्या आकाशाखाली आपोआप दुरुस्त करते. टायर नवे घातल्यावर सुरुवातीला बाण जरा पुढेमागे झाला, तर लगेच सर्व्हिस सेंटर गाठू नये.

नकाशाच्या ताजेपणात मात्र गाडी सपशेल हरते. अनेक गाड्यांत नकाशा एसडी कार्डावर किंवा पेन ड्राइव्हने भरलेला असतो. अपडेट कधी पैसे मोजून, कधी सर्व्हिसिंगला गेलं तर, आणि बहुतेक वेळा कधीच नाही. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले, चारचा अठ्ठेचाळीस आणि सतराचा सहासष्ट झाला. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. जुन्या कार्डाला यातलं काहीच ठाऊक नाही. उरणकडच्या त्या पुलावर त्याचा बाण खाडीच्या निळ्या पाण्यातून पोहत जातो. आणि कळंबोली सर्कल? २०२५ मध्ये तिथल्या कामासाठी वाहतूक वळवावी लागली. असा बदल वर्षातून एकदा निघणाऱ्या कार्डावर येणार तरी कसा?

पत्त्यांचाही घोळ आहे. सिडकोने प्रत्येक नोडला सेक्टरचे आकडे पुन्हा एकपासून दिले. सेक्टर ६ कळंबोलीत आहे, कामोठ्यात आहे, खारघरमध्येही आहे. नोडचं नाव न घालता सेक्टर टाकला, तर गाडी बिनचूक चुकीच्या जागी पोहोचवते.

चूक कुठल्या प्रकारची आहे हे ओळखणं महत्त्वाचं, कारण दोन अपघात एकसारखे वाटूनही वेगळे असतात. जुलै २०२५ मध्ये मध्यरात्रीनंतर उलव्याकडे निघालेली एक महिला बेलापूरला पुलावर न चढता खालच्या रस्त्याने गेली आणि गाडी जेट्टीवरून थेट खाडीत पडली. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वाचवलं. ती फोनवरच्या मॅपवर विसंबून होती, असं बातम्यांत आलं. हा वर-खालीचाच घोटाळा. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात, कळसूबाईकडे निघालेली पुण्याची गाडी कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. एक जण बुडाला, दोघे वाचले. तिथे उपग्रह चुकला नव्हता आणि पूलही नकाशात होता तिथेच होता. फक्त वर्षातले काही महिने तो पाण्याखाली असतो, हे नकाशाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मला खटकतं ते हे. रस्ता बंद करणारं खातं आदेश काढतं, पोलीस पत्रक काढतात, वर्तमानपत्रात चौकट येते. ती चौकट नकाशापर्यंत पोहोचवणं हे मात्र कुणाचंच काम नाही. नकाशा कंपन्या गाड्यांचा वेग कुठे मंदावला यावरून बंद रस्ता ताडतात. मुंबईत ते जमतं, कारण तिथे मिनिटाला शेकडो फोन जातात. कोतूळच्या रस्त्यावर रात्री ताडायला गाड्याच नसतात. गूगलने २०२४ मध्ये भारतातल्या काही शहरांसाठी पुढचा फ्लायओव्हर घ्यायचा की नाही हे सांगण्याची सोय आणली, ती उपयोगी आहे. पण तिने पाण्याखालचा पूल कळत नाही.

तोवर एक करता येतं. गाडीच्या सेटिंगमध्ये सिस्टिमच्या माहितीखाली नकाशाची आवृत्ती बहुधा लिहिलेली असते, ती बघून ठेवा. दोन वर्षांपेक्षा जुनी असेल, तर कळंबोली-उलवे-पनवेल पट्ट्यात फोनचा नकाशा लावा आणि घाटातल्या बोगद्यांत गाडीच्या बाणावर भरवसा ठेवा. धरणाजवळच्या अनोळखी रस्त्याला लागायचं असेल, तर आधी टपरीवर गाडी थांबवून विचारा.